स्टॉल: विमानाचं नाक खाली जातं तेव्हा हात पुढे का न्यायचा

शिरपूर, जळगाव किंवा धुळ्याजवळच्या गोंदूरच्या आसपास राहणाऱ्यांना हे दृश्य नवं नाही. वर छोटं विमान चाललेलं असतं. इंजिनाचा आवाज मंदावतो, विमान जागीच रेंगाळल्यासारखं दिसतं आणि मग त्याचं नाक एकदम खाली जातं. दोन-तीन सेकंदांत आवाज पुन्हा वाढतो, विमान सरळ होऊन वर चढू लागतं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. ‘इमान बंद पडी गयं का काय?’ असं बांधावर कोणीतरी हमखास विचारतं.

इंजिन बंद पडलेलं नसतं. शिकणारा वैमानिक शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली विमान मुद्दाम स्टॉल करत असतो आणि त्यातून बाहेर काढत असतो. शिकायला गेलेल्या मुलामुलींच्या घरच्यांना सगळ्यात जास्त धास्ती याच धड्याची वाटते. पण एकट्याने विमान उडवायला मिळण्याआधी हाच धडा पक्का व्हावा लागतो, आणि तो नीट समजला तर धास्ती बरीच कमी होते.

पंख हवा कधी सोडतो

विमानाला वर धरून ठेवतो तो पंख. इंजिनाचं काम विमानाला पुढे ओढण्याचं. समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यामध्ये जो कोन होतो त्याला अँगल ऑफ अटॅक म्हणतात. आपण पुढे नुसतं ‘कोन’ म्हणू. कोन वाढवला की पंखाची उचल वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. हलक्या विमानांत ही मर्यादा साधारण १५ ते १८ अंशांच्या आसपास असते. ती ओलांडली की पंखाच्या पाठीला चिकटून वाहणारी हवा सुटते. पांझरेकाठच्या फडांत ज्यांनी पाटाचं पाणी फिरवलंय त्यांना हे लगेच पटेल: वळण सौम्य असेल तर पाणी काठ धरून वळतं, काटकोनात वळवलं तर आतल्या काठापासून सुटतं आणि तिथे भोवरे फिरत राहतात. पंखावर असे भोवरे माजले की उचल घटते, अडथळा वाढतो आणि विमान खचतं. हाच स्टॉल.

यात वेगाचा उल्लेख कुठेच आला नाही. स्टॉल होतो तो कोनामुळे. मग विमानाच्या पुस्तिकेत स्टॉलचा वेग कशाला दिलेला असतो? कारण पूर्ण वजनाचं विमान सरळ उडवत हळूहळू वेग कमी केला, तर ज्या वेगाला तो कोन गाठला जातो तो आकडा वैमानिकाला कामाचा असतो. सेस्ना १७२ एस या सगळीकडे दिसणाऱ्या शिकाऊ विमानाचं कमाल वजन २,५५० पौंड, म्हणजे सुमारे १,१५७ किलो. त्या वजनाला फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे, खाली सोडता येणारे भाग) वर असताना स्टॉलचा वेग ४८ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ८९ किलोमीटर. फ्लॅप पूर्ण खाली असताना ४० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ७४ किलोमीटर.

पण उंची न सोडता विमान वळवलं की पंखावरचा भार वाढतो आणि हा आकडाही वर सरकतो. ३० अंश कललेल्या वळणात ४८ चे सुमारे ५२ नॉट होतात, ४५ अंशांत ५७ आणि ६० अंशांत ६८. सूर मारलेल्या विमानाला झटक्याने वर ओढलं आणि भार साडेतीन पट झाला, तर तेच विमान ९० नॉटलाही स्टॉल होतं. म्हणून वेगाच्या काट्यावरच सगळा विश्वास टाकणारा विद्यार्थी अर्धाच धडा शिकलेला असतो. कोन वाढतोय हे सगळ्यात आधी हाताला कळतं. योक (पुढे-मागे करून नाक आणि फिरवून पंख हलवायचा दांडा) मागे किती ओढून धरावा लागतोय, याकडे लक्ष हवं.

विमान आधी सांगतं

स्टॉल अचानक येत नाही. आधी हवेचा आवाज कमी होतो. एलेरॉन (पंखांच्या टोकांजवळचे, विमान कलवणारे हलते भाग) आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा भाग) सैल वाटू लागतात, एरवी जरा हलवलं की विमान वळायचं, आता बरंच हलवावं लागतं. मग स्टॉलची सूचना देणारा भोंगा वाजतो आणि त्यानंतर शेपटीत थरथर जाणवते. ही थरथर पंखाच्या बुडाशी, म्हणजे तो विमानाला जोडलेला असतो तिथे, सुटलेली हवा शेपटीवर आपटल्यामुळे येते. पंखाला मुद्दाम किंचित पीळ दिलेला असतो, म्हणजे बुडाशी कोन थोडा जास्त आणि टोकाला कमी. त्यामुळे बूड आधी स्टॉल होतं आणि टोकाजवळचे एलेरॉन थोडा वेळ का होईना, कामात राहतात.

सेस्ना १७२ चा भोंगा विजेवर चालत नाही. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं. कोन वाढला की तिथे हवेचा दाब घटतो, आतली हवा बाहेर खेचली जाते आणि कॉकपिटजवळची पिपाणी वाजते. स्टॉलच्या साधारण ५ ते १० नॉट आधी ती वाजायला लागते. उड्डाणाआधीच्या तपासणीत त्या भोकावर स्वच्छ रुमाल धरून तोंडाने हवा ओढायची. आवाज आला तर भोंगा ठीक. हे कधीही टाळू नका. आपल्याकडे पावसाळ्यानंतर कुंभारीण माशी दिसेल त्या भोकात मातीचं घर बांधते. उभ्या विमानाची पिटो नळी (हवेच्या दाबावरून वेग मोजणारी) आणि हे भोक तिला अगदी सोयीचं. पिटो नळी बुजली तर वेग चुकीचा दिसतो, हे भोक बुजलं तर भोंगा मुका होतो.

वर जाण्याआधीची तयारी

स्टॉलचा सराव अशा उंचीवर करायचा की विमान पूर्ण सावरल्यावरही जमिनीपासून निदान ३,००० फूट वर असेल. इथे खानदेशातल्या विद्यार्थ्याने एक हिशेब डोक्यात ठेवायला हवा. अल्टिमीटर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. तापीखोऱ्यातली जमीन समुद्रसपाटीपासून साधारण २०० ते २५० मीटर, म्हणजे सातशे-आठशे फूट वर आहे. तेव्हा जमिनीपासून ३,००० फूट हवे असतील तर काटा ३,८०० च्या आसपास दिसला पाहिजे. आणि हे फक्त खोऱ्यापुरतं. उत्तरेला सातपुडा सुरू झाला की जमीन झपाट्याने चढते. तोरणमाळचं पठार सुमारे १,१५० मीटर, म्हणजे जवळजवळ ३,८०० फुटांवर आहे. शिरपूरवर जो आकडा निर्धास्त, तोच तोरणमाळवर जमिनीला टेकलेला.

सातपुडा आणखी एका कारणाने फसवतो. उत्तरेकडे तोंड करून उडताना डोंगराची कड हीच क्षितिजरेषा वाटते. कमी उंचीवर ती खऱ्या क्षितिजाच्या वर असते. नाक तिच्याशी जुळवलं की विमान नकळत चढतं ठेवलं जातं आणि वेग गळत राहतो. एप्रिल-मेच्या धुळकट दुपारी तर क्षितिज दिसतच नाही. म्हणून पहिले धडे सकाळी, खोऱ्याच्या मधल्या सपाट भागावर, पूर्व-पश्चिम दिशेत घेतलेले बरे.

सुरू करण्याआधी वैमानिक एक ठरलेली तपासणी करतात, तिची आद्याक्षरं जोडून ‘हॅसेल’ म्हणतात. उंची पुरेशी आहे ना. फ्लॅप आणि ट्रिम (योकवरचा ताण हलका करणारं चाक) ठरल्याप्रमाणे आहेत ना. पट्टे घट्ट आणि मागे सुटी वस्तू नाही ना. इंजिनाचे तापमान-दाब आणि इंधन ठीक, कार्ब्युरेटर असलेल्या विमानात कार्ब हीट, म्हणजे त्यात बर्फ साचू नये म्हणून गरम हवा. खाली गाव, विमानतळ किंवा नियंत्रित हवाई हद्द नाही ना. आणि शेवटी आजूबाजूला, विशेषतः खाली, दुसरं विमान नाही ना. शेवटच्या मुद्द्यासाठी एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे ९० अंश वळून बघायचं. एकाच हद्दीत तीन-चार शिकाऊ विमानं असतात आणि स्टॉलमध्ये आपण जाणार खाली, त्यामुळे ही दोन वळणं म्हणजे वेळ घालवणं नव्हे.

प्रत्यक्ष स्टॉल आणि त्यातून सुटका

साधा, पॉवरशिवायचा स्टॉल असा होतो. थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी कळ) मागे. उंची सुटू नये म्हणून योक हळूहळू मागे. वेग सेकंदाला साधारण एक नॉट या गतीने कमी व्हावा. घाई केली तर नाक फार वर जातं आणि खाली पडतानाही तेवढंच जोरात पडतं. ६५-७० नॉटच्या खाली ट्रिम फिरवायचं थांबवायचं, म्हणजे हाताला ताण जाणवत राहतो. बॉल (विमान तिरकं घसरत नाही ना हे दाखवणारी गोळी) मधोमध. पन्नाशीत भोंगा वाजतो, मग थरथर, मग योक मागे धरलेला असूनही नाक खाली जातं.

आता क्रम महत्त्वाचा.

पहिलं, मागचा ओढ सोडायचा. योक पुढे, नाक क्षितिजाच्या किंचित खाली येईल इतकाच. या क्षणी कोन घटतो, हवा पुन्हा पंखाला चिकटते आणि विमान स्टॉलमधून बाहेर पडतं. इंजिन अजून बंदासारखं असलं तरीही. दुसरं, पॉवर पूर्ण, पण झटका न देता, सोबत उजवा रडर (नाक डावी-उजवीकडे फिरवणारं, पायाने चालणारं शेपटीचं उभं पातं). तिसरं, पंख सरळ. चौथं, वेग वाढला की हलकेच चढाई. सेस्ना १७२ एसमध्ये समुद्रसपाटीला उत्तम चढाईचा वेग ७४ नॉट. फ्लॅप पूर्ण खाली असतील तर आधी लगेच २० अंशांवर, मग वेग आणि उंची मिळत जाईल तसे १० आणि शून्य. एकदम सगळे वर घेतले तर आत्ताच मिळालेली उचल हातची जाते.

या विमानात नीट सावरलं तरी २३० फुटांपर्यंत उंची जाऊ शकते, असं पुस्तिकाच सांगते. पूर्वी बऱ्याच ठिकाणी ‘उंची कमीत कमी गमावली पाहिजे’ यावर फार भर असायचा. त्यामुळे विद्यार्थी आधी पॉवर देत आणि नाक खाली न्यायला कचरत. आमच्या मते ही सवय घातक आहे. नाक वर असताना नुसती पॉवर दिली की ते आणखी वर जायला बघतं. आधी कोन, मग पॉवर, उंची शेवटी. शंभर फूट जास्त गेले तरी चालेल, कारण आपण त्यासाठीच एवढं वर आलोय.

नाक खाली जाताना हात मागे ओढतो ही उपजत प्रतिक्रिया आहे. ती पुस्तक वाचून जात नाही. रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान १ जून २००९ ला अटलांटिकवर सुमारे ३८,००० फुटांवर स्टॉल झालं. स्टॉलची सूचना वाजत असूनही बराच वेळ नाक वर करण्याचीच कृती चालू राहिली, आणि साधारण साडेतीन मिनिटांत विमान समुद्रावर आदळलं. २२८ माणसं गेली. वेगाची उपकरणं बर्फाने बिघडल्यापासून गोंधळ सुरू झाला होता, रात्र होती, कारणं अनेक होती. तरी शिकाऊ विमानातला हा पहिला हात, ओढ सोडण्याचा, किती खोल रुजायला हवा ते त्यावरून कळतं.

चुका कुठे होतात

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे सावरल्यावर घाईने नाक वर ओढणं. वेग अजून पन्नाशीत असतो, कोन पुन्हा मर्यादेपलीकडे जातो आणि दुसरा स्टॉल येतो, पहिल्यापेक्षा जोराचा. याच्या उलट टोक म्हणजे घाबरून योक पार पुढे ढकलणं. माणूस पट्ट्यात तरंगतो, पेन-नकाशे छताला लागतात आणि तीनशे-चारशे फूट फुकट जातात. इथे प्रशिक्षक ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणाला की योक आणि पाय दोन्ही लगेच सोडायचे. सरांच्या ताकदीशी ओढाताण करू नका.

तिसरी चूक जास्त गंभीर आहे. स्टॉलच्या क्षणी एक पंख खाली गेला, समजा डावा. मन सांगतं, योक उजवीकडे फिरव. तसं केलं की डाव्या पंखाचा एलेरॉन खाली जातो. खाली गेलेला एलेरॉन त्या टोकाशी कोन वाढवतो. पण तो पंख आधीच मर्यादेपलीकडे गेलेला आहे, त्यामुळे उचल मिळायच्या ऐवजी तो अधिकच स्टॉल होतो, अडथळा वाढतो आणि विमान डावीकडे फिरू लागतं. स्पिन, म्हणजे स्टॉल झालेलं विमान गरगर फिरत खाली जाणं, सुरू होण्याची ही ठरलेली वाट. म्हणून योक पुढे नेताना एलेरॉन मधोमध ठेवायचे, नाक डावीकडे फिरत असेल तर उजव्या रडरने ते फिरणं थांबवायचं, आणि पंख सरळ करण्यासाठी एलेरॉन वापरायचे ते स्टॉल सुटल्यानंतर.

पॉवर असतानाच्या स्टॉलमध्ये रडरची परीक्षा जास्त कडक होते. उड्डाणानंतर लगेच नाक जास्त वर गेलं तर काय होतं, त्याचा हा सराव. पंचावन्न-साठ नॉटवर पूर्ण पॉवर द्यायची आणि नाक १५-२० अंश वर न्यायचं. पुढच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) फिरण्यामुळे नाक सारखं डावीकडे ओढलं जातं आणि उजवा पाय कमी पडला तर डावा पंख धाडकन पडतो. समोर आभाळाशिवाय काही दिसत नाही, तेव्हा नजर पंखाच्या टोकाकडे न्यावी. पंख आणि क्षितिज यांतल्या कोनावरून नाक किती वर आहे ते नेमकं कळतं.

आणि स्पिन सुरू झालाच तर: थ्रॉटल पूर्ण मागे, एलेरॉन मधोमध, फिरण्याच्या विरुद्ध रडर पूर्ण, योक पुढे. फिरणं थांबलं की रडर मधोमध आणि सुरातून हलकेच बाहेर. फ्लॅप खाली असतील तर वर. सेस्ना १७२ एसमध्ये एक फेरी आणि सुटका मिळून सुमारे १,००० फूट जातात. मुद्दाम स्पिन करायचा तो ठरावीक वजन-तोल असताना, फ्लॅप वर ठेवून आणि प्रशिक्षकासोबतच. मागच्या सीटवर माणूस किंवा सामान असताना गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि स्पिनमधून सुटणं अवघड होतं.

खरा धोका पाचशे फुटांवर

चार हजार फुटांवरचा स्टॉल हा सराव आहे. जीव जातात ते जमिनीजवळ, जसं विमानतळाच्या चकरेत (धावपट्टीभोवती मारायच्या ठरलेल्या फेरीत), उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणावर. पूर्व-पश्चिम धावपट्टी घ्या, पश्चिमेकडे तोंड करून उतरायचंय, चक्कर डावीकडून. मे-जूनमध्ये आपल्याकडे वारा बहुधा पश्चिम-नैर्ऋत्येचा. धावपट्टीच्या दक्षिणेला पूर्वेकडे जाऊन आपण उत्तरेला वळतो, तेव्हा वाऱ्यातला दक्षिणेचा भाग पाठीवर येतो. विमान जमिनीवरून अपेक्षेपेक्षा वेगाने सरकतं आणि धावपट्टीची रेषा ओलांडून पुढे जातं.

वळण आता जास्त तीव्र हवं. पण जमीन जवळ दिसते, विमान फार कलवायची भीती वाटते, म्हणून विद्यार्थी डावा रडर दाबून नाक ओढून आणतो. डावा पंख मागे पडतो, खाली जातो. तो वर ठेवायला योक उजवीकडे. नाक खाली जातंय म्हणून योक मागे. वर सांगितलेल्या सगळ्या चुका एका वेळी, आणि उंची ४००-५०० फूट. स्पिनमधून सुटायला लागतात हजार.

यावर उपाय आधीच ठरवून ठेवायचा: चकरेत ३० अंशांपेक्षा जास्त कलायचं नाही, बॉल मधोमध, आणि रेषा ओलांडली तर ओढून आणायची नाही. पॉवर द्या, पंख सरळ करा, वर जा, ‘गोइंग अराउंड’ सांगा आणि पुन्हा चक्कर मारा. पुढच्या खेपेला वळण थोडं आधी सुरू करा.

मे महिन्याचा हिशेब

जळगाव-भुसावळला पारा ४४ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की आठशे फुटांवरचं विमान साडेचार हजार फुटांवर असल्यासारखं वागतं. काट्यावरचा स्टॉलचा वेग बदलत नाही, ४८ चा ४८ च राहतो. बदलतात त्या बाकीच्या गोष्टी. प्रत्यक्ष वेग काट्यापेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी जास्त असतो, म्हणून धावपट्टी भराभर मागे पळताना दिसते आणि विद्यार्थ्याला वाटतं आपण फार वेगात आहोत. तो नाक वर घेतो. काट्याकडे बघितलं तर कळतं, वेग मुळीच जास्त नाही. इंजिनाची ताकदही घटलेली असते, त्यामुळे स्टॉलमधून सुटल्यावरची चढाई संथ असते. हिवाळ्यात ज्या नाकाच्या ठेवणीने विमान छान चढायचं, तीच ठेवण मे महिन्यात वेग खाते. नाक थोडं खाली ठेवून आधी वेग पुरा होऊ द्यावा.

अकरानंतर काळी जमीन तापून हवेचे झोत वर उठू लागतात. अशा झोतात शिरताना कोन क्षणभर वाढतो आणि साठ-सत्तर नॉटलाही भोंगा जरासा चिरकतो. तो एकदाच वाजून थांबला तर योक घट्ट न आवळता नाकाची ठेवण आणि वेग पाहावा. वाजतच राहिला तर ओढ सोडावा, कारण कोणतंही असो. उतरताना वारा झोताझोताने वाहत असेल तर वाऱ्याच्या झोताचा जेवढा फरक असेल त्याच्या निम्मा वेग नेहमीच्या वेगात मिळवावा: वारा १० नॉट आणि झोत २० चे, तर ५ नॉट जास्त.